९०० पुस्तकं, दोन कपाटं आणि एक टोपली

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांची साधारण ९०० पुस्तकं आता पनवेलच्या तुमच्या टू बीएचकेमध्ये आली आहेत. दोन कपाटं, प्रत्येकी ३ फूट रुंद आणि पाच कप्प्यांची. दर तीन-चार महिन्यांनी तुम्ही एक अख्खा रविवार घालवून सगळं लावता आणि पंधरा दिवसांत पुन्हा पसारा होतो. विषयानुसार लावू की लेखकानुसार, असं विचारलंय. शिवाय जाता जाता लिहिलंय की बाबांना अंधारातही पुस्तक सापडायचं, ती शिस्त माझ्यात काही आली नाही, निदान नऊ वर्षांच्या मुलात तरी यावी.

माझं मत आधीच सांगून टाकते. विषय की लेखक, यावर तुमचं काही अडलेलं नाही. पुस्तकं लावता तुम्हाला येतात, नाहीतर ९०० पुस्तकं एका रविवारात उरकली नसती. अडतंय ते वाचून झालेलं पुस्तक परत जागेवर जाण्यापाशी. तिथे दोन अडथळे आहेत. एक, त्याला परत जायला जागाच उरलेली नाही. दुसरा, ते परत ठेवणं हे काम घरात नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नाही.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतल्या लोकांची घरची पुस्तकं लावून देते. पण वर म्हटलं ते मी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकले नाही, वडिलांकडून शिकले. आमच्या घरात पुस्तकांचं कपाटसुद्धा नव्हतं. माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिरक्या मांडणीवर मोठ्या लाकडी केसेस, त्यात छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणात शिशाचे खिळे. इंग्रजीचं काम थोडक्या खणांत भागतं. मराठीला अख्खी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार असा मोठा संसार लागतो. वडील डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची धातूची पट्टी, धरून उजव्या हाताने खिळे उचलायचे आणि त्यांची नजर खणांवर नसायचीच, समोरच्या मजकुरावर असायची. लोक ते बघून थक्क व्हायचे. वडील म्हणायचे, "जुळवताना काय बघता, परत टाकताना बघा."

कारण पत्रिका छापून झाली की तीच अक्षरं पुढच्या पत्रिकेला लागायची. मग रॉकेलने पुसलेला मजकूर डाव्या हातावर घ्यायचा, एकेक शब्द वाचायचा आणि त्यातला एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात सोडायचा. टक, टक, टक. हे काम कंटाळवाणं, त्याची वाहवा कुणी करत नाही, आणि नेमक्या जेवणाच्या सुट्टीआधी ते उरकायची घाई असते. त्या घाईत एखादा ध जर घ च्या खणात पडला, तर त्या दिवशी काहीच होत नाही. महिन्याभराने कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या पत्रिकेत 'घर'चं 'धर' होतं. मुद्राराक्षस म्हणतो आपण त्याला, पण त्याचा जन्म खिळे परत टाकतानाच झालेला असतो.

घरच्या पुस्तकांचंही तेच होतं. म्हणून आधी जागेचा हिशेब करू.

मराठी पुस्तक बहुतेक डेमी आकाराचं असतं, साडेपाच बाय साडेआठ इंच. दोनशे पानांचं पुस्तक अर्धा ते पाऊण इंच जाड. जाडजूड कादंबऱ्या आणि बारीक कवितासंग्रह मिळून एका फुटात सरासरी १५ पुस्तकं धरा. तुमच्या ९०० पुस्तकांना ६० फूट लागतात. दोन कपाटं, पाच कप्पे, ३ फूट, म्हणजे तुमच्याकडे एका ओळीत आहेत ३० फूट. याचा अर्थ प्रत्येक कप्प्यात पुढे-मागे दोन ओळी, त्याही गच्च. तुम्ही लिहिलं नाहीत, पण उभ्या पुस्तकांच्या डोक्यावर आडवी पुस्तकंही खुपसलेली असणार आणि मधले कप्पे पोटात वाकायला लागले असणार. एका कप्प्यावर दोन ओळींचं वजन ४० किलोच्या आसपास जातं. पार्टिकल बोर्डाची ३ फुटी फळी ते फार दिवस सोसत नाही. सुताराकडून मध्ये एक उभा आधार बसवून घ्या, हे काम पहिलं.

गच्च कप्प्यातून पुस्तक ओढून काढता येतं, परत घालता येत नाही. एका हाताने शेजारची पुस्तकं दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने पुस्तक रेटायचं. रात्री साडेदहाला हे कोण करेल? तो माणूस पुस्तक टीव्हीच्या बाजूला ठेवतो आणि झोपायला जातो. यात बेशिस्त कुठे आली? वाचनालयात आम्ही कुठलीही फळी पाऊणपेक्षा जास्त भरू देत नसू, पाव हिस्सा मोकळाच. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले, त्यातला शेवटचा असा की ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे. शिकत असताना मला ते भाषणबाजीसारखं वाटलं होतं. फळीवर मोकळी जागा सोडायला लागले तेव्हा त्याचा अर्थ हाताला कळला.

तुमच्या ३० फुटांतला पाव हिस्सा सोडला की साडेबावीस फूट उरतात. त्यात एका ओळीत साधारण ३४० पुस्तकं मावतील. दर्शनी जागा एवढीच. उरलेल्या साडेपाचशेंचं काय, ते पुढे सांगते. आधी या ३४० चं.

इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. घरात एकच वाचणारा असेल तर त्याने कसंही लावावं, रंगानेसुद्धा. रंगाने लावणाऱ्यांना आम्ही ग्रंथपाल हसतो, पण ३१ वर्षांत "बाई, ते निळ्या कव्हरचं पुस्तक होतं ना, ते द्या" असं विचारणारे इतके भेटले की हसण्यात फारसा अर्थ नाही. तुमच्या घरात तिघं वाचतात असं दिसतं. तेव्हा तिघांनाही न विचारता समजेल असं काहीतरी हवं. वाचनालयाची पद्धत घरी आणू नका. विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ सालची, जगभर चालते, पण तिच्यात सगळं मराठी साहित्य ८९१.४६ या एका आकड्याखाली येतं. मराठी घरात ती लावली तर पाऊण कपाट एकाच आकड्याचं होईल.

मी घरांमध्ये सहा-सात ढोबळ गट करते. कथा-कादंबरी, चरित्र-आत्मचरित्र, कविता आणि नाटक, संतवाङ्मय, कोश आणि संदर्भ, इंग्रजी, मुलांची पुस्तकं. तुमच्या वडिलांच्या संग्रहात अध्यापनाची पुस्तकं वेगळी निघतील. एक गट म्हणजे एक कप्पा किंवा अर्धा कप्पा. कप्प्याच्या आत फक्त कथा-कादंबरीला लेखकानुसार लावायचं, बाकीच्यांना कसलाही क्रम नको. चाळीस चरित्रांमधून एक शोधायला अर्धं मिनिट लागतं, त्यासाठी अकारविल्हे लावत बसायची गरज नाही.

लेखकांच्या नावांचा घोळ मात्र होतो. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर ही एकच व्यक्ती. कवितेला एक नाव, कादंबरी-नाटकाला दुसरं. वाचनालयात आम्ही अशा वेळी तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, 'पाहा' असं लिहून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतो. घरी एवढं नको, तोंडात जे नाव पहिलं येतं त्याखाली ठेवा. पुलं तुमच्या घरात प मध्ये सापडत असतील तर ते प मध्येच राहू देत, देशपांडे म्हणून द मध्ये पाठवायचा अट्टाहास कशाला?

आता टोपली. या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. वाचनालयात एक पाटी बहुधा तुम्ही वाचली असेल: वाचून झालेली पुस्तकं कपाटात ठेवू नयेत, टेबलावरच ठेवावीत. लोकांना वाटतं, आळशी वाचकांची ही सोय आहे. खरं तर ती धास्ती आहे. टेबलावर पडलेलं पुस्तक फक्त पसारा असतो, पण चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवलेलं असतं.

हे मी अनुभवाने सांगते, आणि तो अनुभव माझ्या चुकीचा आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका निवृत्त काकांच्या नावावर एक पुस्तक बाकी दिसत होतं. ते शपथेवर सांगत होते की परत केलंय. नोंद नव्हती. मी नियमाप्रमाणे त्यांच्या अनामत रकमेतून किंमत वळती केली. पुढच्या वर्षीच्या ग्रंथपडताळणीत ते पुस्तक धार्मिक ग्रंथांच्या कपाटात निघालं. गर्दीच्या वेळी नोंद न करता, लाल कापडी बांधणी पाहून मीच ते तिथे सरकवलं होतं. पैसे द्यायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मोजून घेतले, चहा दिला, एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर काका वाचनालयात आले ते थेट पुढच्या दिवाळी अंकांना. वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ध घ मध्ये टाकलास."

तर तुमच्या घरी कपाटाशेजारी एक वेताची किंवा प्लॅस्टिकची टोपली ठेवा, फार मोठी नको, १०-१२ पुस्तकांची. घरातल्या प्रत्येकाला एकच नियम: वाचून झालं की टोपलीत. कपाटात कुणीच ठेवायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. आणि ठरलेल्या दिवशी, समजा शनिवारी रात्री, एकच माणूस टोपली रिकामी करतो. १० पुस्तकांना ५ मिनिटं पुरतात. टोपली लहान असण्याचं कारण म्हणजे ती भरून वाहायला लागली की शनिवारची वाट बघता येत नाही. मी लावून दिलेल्या घरांत जिथे टोपली टिकली तिथे कपाट टिकलं. जिथे टोपलीत मोजे आणि रिमोट जायला लागले, तिथे मला पुन्हा बोलावणं आलं.

मुलाबद्दल. माझ्या वडिलांनी मला कधीही "नीट ठेव" म्हटलेलं आठवत नाही. शाळा सुटली की मी छापखान्यात जायचे. माझ्या वाट्याला काम एकच, जमिनीवर सांडलेले खिळे वेचायचे आणि ओळखून एका पत्र्याच्या डब्यात वेगवेगळे करायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की कुठली बाजू वर ते समजतं. पहिले काही दिवस मी उलट्या मात्रा आणि वेलांट्यांत गोंधळून रडकुंडीला यायचे. वडील माझा डबा तपासायचे, चुकलेला खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवायचे आणि आपल्या कामाला लागायचे. निघताना मात्र साबणाने हात घासून धुवायला लावायचे. शिसं पोटात जाऊ नये म्हणून.

त्यांनी मला अख्खी केस कधी दिली नाही. पाचवीत गेल्यावर एक खण दिला. 'र' चा. त्यात सगळे र च असले पाहिजेत, ही जबाबदारी माझी. महिनाभराने त्यातला एकही खिळा चुकीचा निघाला नाही तेव्हा दुसरा खण मिळाला.

तुमच्या मुलाला ९०० पुस्तकांच्या कपाटाची शिस्त लावायला जाऊ नका, ते ओझं तुम्हालाच पेलत नाहीये. त्याला एक कप्पा द्या, खालून दुसरा, त्याच्या हाताला येईल असा. त्यातला क्रम त्याचा. डायनासोरची एकीकडे आणि 'बोअर' पुस्तकं दुसरीकडे, असा त्याने केला तरी हात लावू नका. एका शंभर पानी वहीत रकाने आखून दाखल नोंदवही करून द्या: क्रमांक, तारीख, पुस्तक, कुणी दिलं. मुलांना आकडे टाकायला मनापासून आवडतं. मी ज्या ज्या घरात हे केलं तिथे मुलांनी आठवड्याभरात आपल्या खेळण्यांनासुद्धा दाखल क्रमांक दिले. दहा-अकराव्या वर्षी शनिवारची टोपली त्याच्याकडे सोपवून बघा.

आणि हे केलं म्हणजे लागेलच, असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची मुलगी ग्रंथपालाच्या घरात वाढली, आजही तिच्या पलंगावर अर्ध्या जागेत पुस्तकं झोपतात. पण पुस्तक कपाटातून काढताना ती कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढत नाही. दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा आत ढकलते आणि मधलं दोन बोटांत धरून काढते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिने पाहिलं होतं. तुमचा मुलगाही तुम्ही दर तीन महिन्यांनी वैतागून पुस्तकं खाली ओढता ते पाहतोय. शनिवारची पाच मिनिटं त्याच्या देखत करा.

सोलापूरहून पनवेलला आलेल्या पुस्तकांची एक वेगळी काळजी आहे. कोरड्या हवेत ज्यांना कधी काही झालं नाही, त्यांच्यावर इथे पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरू शकते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर दोन इंच पुढे ओढा. कप्प्यात वर्तमानपत्र अंथरू नका, ते दमट होतं आणि कसरीला आवडतं. पावसाळ्यात उघाडी पडली की कपाटाची दारं तासभर सताड उघडी ठेवा. जुनी माणसं पोथीच्या रुमालात वेखंड ठेवत, ते ठेवायला हरकत नाही, पण खेळत्या हवेची बरोबरी त्याला नाही. डांबरगोळ्या मुलाच्या कप्प्यात अजिबात नकोत. मोठी सफाई वर्षातून एकदा पुरे, आणि त्याला आपल्याकडे तयार मुहूर्त आहे. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालेलं असतं आणि दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पूजेला मांडायचीच असतात. त्याच्या आदल्या रविवारी एकेक पुस्तक बाहेर काढायचं, घट्ट मिटून धरून कोरड्या फडक्याने वरची कड पुसायची. धूळ तिथेच बसते. पुस्तकांना थेट उन्हात घालू नका, सावलीतली हवा चालेल.

उरलेली साडेपाचशे. यांचे तीन ढीग होतील. पहिला, ज्यांच्यात बाबांच्या हातच्या खुणा, समासातल्या टिपा, पहिल्या पानावर सही आणि तारीख आहे. ही सगळी ठेवा, मग विषय कुठला का असेना. त्यांना हवं तर एक कप्पा स्वतंत्र द्या. दुसरा ढीग, वाचावीशी वाटतात पण आज नाही. ही लॉफ्टवर, पुठ्ठ्याच्या लहान खोक्यांत, खोक्यावर यादी लिहून. पलंगाखालच्या बॉक्समध्ये नको, तिथे हवाच नसते. तिसऱ्या ढिगात जुनी गाईडं, रद्द झालेली पाठ्यपुस्तकं, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, वाळवीने खाल्लेली. यातलं चांगलं असेल ते वाचनालयाला द्या, पण आधी फोन करून विचारा. आम्हाला लोक रात्री दारात पोती ठेवून जायचे आणि त्यातलं निम्मं आम्हालाच रद्दीत द्यावं लागायचं. ते पाप तुम्ही स्वतः करा, फार मोठं नसतं. दिवाळी अंक असतील तर आकारामुळे ते पुस्तकांत नीट बसत नाहीत. वर्षानुसार गठ्ठे बांधून आडवे ठेवा आणि कुठले ठेवायचे ते अनुक्रमणिका वाचून ठरवा.

बाबांचा जो क्रम होता, ज्याने त्यांना अंधारात पुस्तक सापडायचं, तो पुन्हा लावायचा प्रयत्न करू नका. तो क्रम कपाटात नव्हताच, त्यांच्या हातात होता. ९०० पुस्तकांपैकी प्रत्येक त्यांनी स्वतः आणलेलं, स्वतः ठेवलेलं आणि तीस-चाळीस वर्षं स्वतःच परत ठेवलेलं. तुम्हाला ही पुस्तकं ट्रकमधून एकदम मिळाली.

थोडक्यात क्रम असा: फळीला आधार, मग तीन ढीग, मग ३४० पुस्तकं एका ओळीत, मग टोपली. ढिगांना दोन-तीन रविवार लागतील, एका दिवसात उरकू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की बाबांनी घातलेली ब्राऊन पेपरची कव्हरं काढू का. ठिसूळ झाली असतील, पिवळा डाग आतल्या मुखपृष्ठावर उतरत असेल तर काढा. जिथे सेलोटेप मुखपृष्ठालाच चिकटलीय तिथे ओढू नका, कागद सोलून येतो, ती तशीच राहू द्या. कव्हरावर कण्याच्या जागी त्यांनी शाईने नाव लिहिलेलं असेल तर तेवढी पट्टी कात्रीने कापून घ्या, एका कोऱ्या कागदाच्या घडीत घाला आणि त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ठेवा. चिकटवू नका.